अध्याय 12, श्लोक 13 आणि 14 : आक्काची वही



गेले पाच-सहा दिवस चिंतन लिहिलं नाही. काही जणांनी मेसेज करून विचारलंही, तब्येत बरी आहे ना म्हणून. तब्येत बरी आहे. मुंबईला गेलो होतो. आमच्या चाळीतली आक्का गेली, तिचा तेरावा होता.

बाराव्या अध्यायाचं हे आपलं दुसरं आवर्तन चालू आहे. आपण बाराव्या श्लोकापर्यंत आलो होतो. अभ्यास, ज्ञान, ध्यान आणि कर्मफलाचा त्याग अशी ती उतरंड पाहिली. पुढचे दोन श्लोक 13 आणि 14. इथून भगवंत 'मला कोण आवडतो' ते सांगायला लागतात, आणि हे वर्णन थेट अध्याय संपेपर्यंत, म्हणजे विसाव्या श्लोकापर्यंत चालतं. खरं तर या दोन श्लोकांवरचं लिखाण माझ्याकडे तयार होतं. नेहमीप्रमाणे रविवारी बसून लिहून ठेवलेलं. पण मुंबईहून परत आल्यावर वाचलं आणि ते टाकवेना. म्हणून आज नव्यानं लिहितोय. थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

आधी श्लोकाचा अर्थ. जो कुठल्याही प्राणिमात्राचा द्वेष करत नाही, सगळ्यांशी मैत्रीनं वागतो, ज्याच्या मनात करुणा आहे, ज्याला 'माझं माझं' नाही, 'मी' नाही, सुखदुःख ज्याला सारखंच, आणि जो क्षमा करणारा आहे. हा झाला तेरावा. चौदाव्यात म्हटलंय की जो नेहमी समाधानी आहे, ज्याचं मन ताब्यात आहे, निश्चय पक्का आहे, आणि ज्यानं मन-बुद्धी मला देऊन टाकली आहे, तो भक्त मला प्रिय.

आता गंमत बघा. एवढी मोठी यादी, पण तिचा पहिला शब्द आहे 'अद्वेष्टा', म्हणजे द्वेष न करणारा. सुरुवात प्रेमापासून केलेली नाही, नकारापासून केली आहे. मैत्री आणि करुणा नंतर येतात. पहिल्या आवर्तनात मी लिहिलं होतं की ही 'पूर्वअट' आहे, आमच्या प्रोग्रॅमिंगमध्ये असते तशी. ती पूर्ण झाल्याशिवाय पुढची ओळ चालतच नाही. दुसरा शब्द 'सर्वभूतानाम्', म्हणजे सगळ्यांचा. त्यात 'एक सोडून' असं नाही. या दुसऱ्या शब्दाकडे त्या वेळी मी पुरेसं लक्ष दिलं नव्हतं.

ज्ञानेश्वर माऊलींनी इथे जे दृष्टांत दिलेत ते आपण सगळ्यांनी ऐकलेले आहेत. पृथ्वी काही चांगल्याला धरते आणि वाईटाला टाकून देते असं करत नाही. प्राण राजाच्या देहात राहीन आणि भिकाऱ्याचा देह टाळीन असं म्हणत नाही. पाणी गाईची तहान भागवतं, आणि वाघ प्यायला आला म्हणून त्याच्यासाठी विष होत नाही. बाराव्या अध्यायात 247 ओव्या आहेत, त्यातल्या या तीन मला लहानपणापासून पाठ, कारण आक्कासमोर मी त्या कितीतरी वेळा वाचल्यात. पाण्याची ओवी आली की ती हमखास मान हलवायची आणि म्हणायची, "नळाचंबी तसंच असतं की रं." आमच्या चाळीत नळाला सकाळी पाऊण तास पाणी यायचं आणि त्या पाऊण तासात आक्काइतकं कुणी भांडत नसे. हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर तुम्हाला वाटेल मी कुणा संत बाईची गोष्ट सांगतोय.

आमची चाळ लालबागची. आता इमारतीला लाकडी टेकू लावलेत, तरी लोक राहतात. आमच्या खोलीच्या अगदी समोर, गॅलरीच्या पलीकडे आक्काची खोली. दहा बाय बारा, वर पोटमाळा, कोपऱ्यात मोरी. त्या खोलीत ती खाणावळ चालवायची. मूळची पाटण तालुक्यातली. लग्न करून मुंबईत आली तेव्हा नवरा गिरणीत, साचेखात्यात. गावचे, शेजारच्या गावचे एकटे राहणारे कामगार आधी 'वहिनी, दोन भाकऱ्या टाका' म्हणून यायला लागले आणि वाढत वाढत तीस-पस्तीस माणसं झाली. त्या काळी लालबाग-परळमध्ये अशा खाणावळी गल्लोगल्ली होत्या. बायकामुलं गावाकडे, हा माणूस इथे एका गाळ्यात वीस-पंचवीस जणांबरोबर पाळीपाळीनं झोपणार आणि महिन्याच्या बोलीवर एखाद्या मावशीकडे जेवणार. सकाळी सातची पाळी असेल तर डबा साडेसहाला तयार पाहिजे. साडेतीनला पाळी सुटली की ते जेवायला येणार. रात्री बाराला सुटणारे त्यानंतर. म्हणजे आक्का झोपायची कधी, हा प्रश्न मी तिला लहानपणी विचारला होता. म्हणाली, "दोन भोंग्यांच्या मधी."

रॉकेलचा स्टोव्ह, मोठी परात, भाकरी थापायचा आवाज. हा आवाज माझ्या लहानपणाचा आहे, कारण खाणावळ बंद पडल्यावरही भाकऱ्या थांबल्या नाहीत. मी ऐकलाय तो नंतरचा काळ. मधला सगळा मला वहीतून कळला.

18 जानेवारी 1982 ला गिरणी संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार. पगार बंद म्हणजे खाणावळीचे पैसे बंद. पण भूक काही संपावर जात नाही. लालबाग-परळच्या खाणावळवाल्या बायकांनी महिनोन्महिने उधारीवर जेवू घातलं, हे त्या काळातल्या कुणालाही विचारा. आक्कानंही घातलं. वाण्यानं हात आखडता घेतला तेव्हा तिनं बोरमाळ सावकाराकडे ठेवली. (1975 साली प्रेमाताई पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं होतं, खाणावळवाल्या बायकांची सावकारापासून सुटका व्हावी, बँकेकडून कर्ज मिळावं म्हणून. आक्काला त्याची माहिती होती. पण 'कागदावर अंगठा' याची तिला भारी भीती. ती तिकडे वळेपर्यंत बोरमाळ गेलेली होती.) संप मिटला असं कुणी जाहीर केलंच नाही. एकेक जण गावाला गेला. कुणी सांगून, कुणी न सांगता.

आणि राहिली ती वही. लाल कापडी बांधणीची, लांबट, वाण्याकडे असते तशी. आक्काला अक्षरओळख नव्हती. जेवायला येणाऱ्यांपैकीच एक सातवी शिकलेला कामगार हिशोब लिहायचा. त्याबद्दल त्याला रविवारच्या मटणात दोन फोडी जास्त. नाव, गाव, खातं, खाडे किती आणि येणं किती. आजरा, महाड, राजापूर, संगमेश्वर, गडहिंग्लज, पाटण. आमच्या शाळेच्या नकाशात हे तालुके आले तेव्हा मला ते आधीच माहीत होते.

माझी आई हॉस्पिटलात आया होती, तिच्या पाळ्या बदलत्या. वडील दुकानात नोकरीला, रात्री दहाला यायचे. शाळा सुटली की मी आक्काकडे. जेवण, अभ्यास, झोपसुद्धा तिथेच. तिसरीत मला धड वाचता यायला लागलं आणि त्या वर्षीच्या लक्ष्मीपूजनाला तिनं मला पाटावर बसवलं. लक्ष्मीपूजनाला व्यापारी नव्या वहीची पूजा करतात. आक्का जुन्या वहीची करायची. वहीला हळदकुंकू, पुढे निरांजन, बत्तासे. मग मला म्हणाली, "वाच."

मी वाचायला लागलो. नाव, गाव. प्रत्येक नावाला ती काहीतरी बोलायची. याला कारल्याची भाजी आवडायची, पोरगा बापासारखाच कडू. याची थोरली लग्नाची होती, जमलं का कुणास ठाऊक. हा झोपेत गिरणीच्या पट्ट्याला शिव्या द्यायचा. याला सुकट पचत नव्हती तरी दुसऱ्याच्या ताटातली खायचा. असं सगळं. आणि मग मधेच एका नावावर मी आलो तेव्हा तिनं माझा हात धरला. "त्याच्यावर अंगठा ठिव आन् फुडं चल."

मी अंगठा ठेवला आणि पुढे वाचलं.

नंतर आईकडून कळलं. तो माणूस आक्काच्या नवऱ्याच्या गावचा. चार वर्षं तिच्याकडे जेवला. घरच्यासारखा. बोरमाळ सोडवायची म्हणून तिनं कुठून कुठून पैसे जमवले आणि सावकाराकडे त्याच्या हाती पाठवले, कारण नवरा तेव्हा दारूच्या नादाला लागला होता, त्याच्यावर भरवसा नव्हता. तो गेला तो गेलाच. पैसे गेले, मुदत टळली, बोरमाळ गेली. पुढे दोन-तीन वर्षांत नवराही गेला. आक्कानं गळ्यात तुळशीची माळ घातली, मासळी सोडली आणि ऑफिसांना पोळी-भाजीचे डबे द्यायला लागली. मासळी सोडली म्हणजे खायची सोडली. आम्हा पोरांना सुकटीचं कालवण ती शेवटपर्यंत करून घालत होती. वरच्या मजल्यावरचे एक बुवा तिला यावरून बोलले होते, माळकरी बाईच्या चुलीवर बोंबील म्हणजे काय. तिचं उत्तर सगळ्या चाळीनं ऐकलं. "माळ माज्या गळ्यात हाय, पोरांच्या न्हाई."

सातवीत असताना मी एक उद्योग केला. गणितात पहिला आलो होतो, डोकं चढलं होतं. दिवाळीला वही हातात आल्यावर नावं वाचता वाचता शेजारी पेन्सिलनं बेरीज करत गेलो, आणि शेवटी ऐटीत जाहीर केलं, "आक्का, तुझे 16,340 रुपये येणं आहे!" मला वाटलं ती खूश होईल. ती एवढी चिडली की बत्ताशाची वाटी उलटली. "कुनी सांगितली तुला बेरीज कराया? नावं वाच म्हनलं हुतं, नावं." मी रडलो. रात्री तिनंच येऊन मला जेवायला नेलं. बेरजेबद्दल पुन्हा बोलली नाही, मीही नाही. पण माझ्या पेन्सिलीचे आकडे वहीच्या शेवटच्या पानावर अजून आहेत.

माणसं मधूनमधून परत यायची. महाडकडचा एक म्हातारा 1998 च्या सुमारास आला होता, मुलाला नोकरी लागली म्हणून पैसे द्यायला. मला वाटलं आता याचं नाव वहीतून काटायचं. तर पुढच्या दिवाळीला तिनं ते नावही वाचून घेतलं. म्हणाली, "पैशे फिटलं, त्यो काय मेला का?"

आणि आज एक गोष्ट लक्षात येते ती अशी, की त्या वहीत माझं नाव नव्हतं. तिसरीपासून बारावीपर्यंत मी तिच्याकडे जेवलोय. खाडे कमी, म्हणजे आमटीत मीठ जास्त झालं म्हणून रुसलो ते दोन-चार. आई महिन्याला काही द्यायची, कधी द्यायची नाही. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला हॉस्टेलची अनामत भरायला पाच हजार कमी पडले ते आक्कानं भिशीतून काढून दिले. ते वडिलांनी फेडले. मी बेरीज केली त्यात माझ्या जेवणाचा एक रुपया नव्हता, आणि तेव्हा ते मला खटकलंही नव्हतं.

असो. 2010 ला नोकरी लागली. पहिलं ऑफिस लोअर परळला, एका गिरणीच्याच जागेवर उभ्या राहिलेल्या काचेच्या इमारतीत. मग पुणे, हिंजवडी, लग्न, फ्लॅट. सुरुवातीला दिवाळीला लालबागला जायचो, वही वाचायचो, त्या नावावर अंगठा ठेवायचो. माझा अंगठा मोठा झाला होता, आता आजूबाजूची दोन नावंही झाकली जायची, ती मी पाठ म्हणायचो. पुढे आई-वडील पुण्याला आले आणि जाणं कमी झालं, मग थांबलंच. फोन असायचा. पैसे पाठवायचो, तिच्या नातीच्या मोबाइलवर. ते सोपं असतं.

शेवटच्या दिवाळीला नातीनं व्हिडिओ कॉल लावून दिला. आक्का पडद्यावर अर्धीच दिसत होती, कपाळ आणि छत. म्हणाली, "येतूस का? वही वाचायची हाय." माझं त्या दिवशी रिलीज होतं. अमेरिकेतल्या ग्राहकाला दिवाळी नसते. मी म्हटलं, आक्का, उद्या फोनवरच वाचून दाखवतो, तू वही कॅमेऱ्यासमोर धर. ती हसली. उद्या फोन केला नाही. परवाही नाही. नंतर एकदा ती गॅलरीत पडली, खुब्याचं हाड गेलं, आणि त्यातून उठली नाही. वय ऐंशी की ब्याऐंशी, तिलाही नक्की ठाऊक नव्हतं.

तेराव्याला गेलो. जेवणं उरकल्यावर तिची मुलगी म्हणाली, तिची वही आहे, तूच वाचायचास ना, आज एकदा वाच. फोटोपुढे निरांजन होतंच. मी पाटावर बसलो. चाळीतली जुनी माणसं होती सात-आठ, आणि नात होती. ती आता कॉलेजला आहे. वाचायला लागलो. नाव, गाव. बोलणारं कुणी नव्हतं, त्यामुळे भराभर चाललं होतं. दोन पानं उलटल्यावर ते नाव आलं. अंगठा आपोआप गेला. तिथे कागदावर पिवळट डाग पडलाय, इतक्या वर्षांच्या माझ्याच तेलकट अंगठ्याचा. मी पुढचं नाव घेतलं.

तर नात म्हणाली, "दादा, एक राहिलं."

मी म्हटलं, ते वाचायचं नसतं.

"असं कोण म्हणालं? मी तर वाचते. तू यायचा बंद झाल्यापासून मीच वाचते की दर दिवाळीला. पहिल्या वर्षी मी विचारलं, आजी, इथं डाग पडलाय, दिसत नाही नीट. तर म्हणाली, उजेडात धर आणि वाच."

मी विचारलं, मग त्या नावाला ती काय म्हणायची? कारण प्रत्येक नावाला काहीतरी म्हणायचीच.

"काही विशेष नाही. याला भाकरीचा करपलेला पापुद्रा लागायचा, बाकीचे टाकून द्यायचे आणि हा मागून घ्यायचा. एवढंच."

माऊली, मला त्या क्षणी काय वाटलं ते नीट सांगता येणार नाही. मला वाटत होतं ते एक नाव म्हणजे आक्काचं आणि माझं गुपित आहे. तिच्या बाजूनं मी ते सांभाळतोय. बायकोला मी लग्नानंतर ही सगळी गोष्ट सांगितली होती आणि त्या माणसाला शिव्या घातल्या होत्या. त्या आडनावाचा, त्या गावचा एक जण आमच्या कंपनीत आला तेव्हा मी त्याच्याशी वर्षभर तुटक वागलो. तो बिचारा कुणाचा कोण. आणि गेल्या वर्षी सोळाव्या अध्यायात आसुरी संपत्तीवर लिहिताना मी कृतघ्नतेचं उदाहरण म्हणून, नाव न घेता, याच माणसाची गोष्ट लिहिली होती. तुमच्यापैकी बऱ्याच जणांना ती आवडली होती. 'अशा लोकांना देव बघून घेतो' असंही कुणीतरी लिहिलं होतं आणि मी त्याला हात जोडले होते.

ज्या बाईची बोरमाळ गेली तिनं ते कधीच खाली ठेवलं होतं. कधी, कसं, मला माहीत नाही. एका रात्रीत झालं नसणार. मी तिसरीत असताना तिनं माझा हात धरला होता तो घट्ट धरला होता, त्यात राग होता, तो मला आजही आठवतो. म्हणजे ती जन्मजात 'अद्वेष्टा' नव्हती. भांडकुदळ होती, हे वर लिहिलंच आहे. कुठेतरी मधल्या वर्षांत, दोनशे भाकऱ्यांच्या कुठल्यातरी एका भाकरीपाशी ते सुटलं असेल. आणि गंमत म्हणजे मला 'अंगठा काढ' असं ती कधी म्हणाली नाही. मी शेवटी वाचली त्या दिवाळीलाही मी अंगठा ठेवला, आणि ती गप्प बसून होती. तेव्हा तिचं सुटलं होतं की नव्हतं? सुटलं असेल तर मला का सांगितलं नाही? मला वाटतं, मी ते इतक्या आवेशानं झाकायचो की तिला ते सांगणं जमलं नसेल. किंवा तिला वाटलं असेल, पोरगा शिकलेला आहे, ज्ञानेश्वरी वाचतो, त्याला कळेल आपलं आपण.

माऊलींनी याच ठिकाणी क्षमेसाठी पुन्हा पृथ्वीचीच आठवण काढली आहे. आधी द्वेष नसण्याला पृथ्वी, मग क्षमेलाही पृथ्वी. पहिल्या आवर्तनात मी लिहिलं होतं की ही पुनरुक्ती आहे. एवढी 9,000 ओव्यांची रचना, एखादा दृष्टांत परत येणारच, असं काहीतरी मोठ्या शहाणपणानं. आता मला ती पुनरुक्ती वाटत नाही. पृथ्वी काही टाकत नाही, हे पहिलं. आणि तिच्यात जे पडतं ते ती ठेवूनही देत नाही तसंच्या तसं. कुजवते, मुरवते, त्याचं दुसरं काहीतरी करते. आक्कानं त्या नावाचं करपलेला पापुद्रा करून टाकलं. मी मात्र ते प्लास्टिकच्या पिशवीत घालून जपून ठेवलं होतं, तीस वर्षं जरी झाली तरी जसंच्या तसं.

'सर्वभूतानाम्' मध्ये एक अपवाद चालतो असं मी धरून चाललो होतो. आमच्या कामात आम्ही असं करतो. एखादी केस नीट बसत नसेल तर तेवढ्यापुरती वेगळी ओळ टाकायची, 'हे असेल तर सोडून पुढे जा'. तात्पुरतं म्हणून टाकतो आणि दहा वर्षं ती तिथेच राहते, का टाकली होती ते लिहिणाऱ्यालाही आठवत नाही.

असो, मुद्द्यावर येतो. नातीनं सांगितल्यावर मी ते नाव वाचलं. पहिल्यांदाच मोठ्यानं. डागामुळे गावाचं नाव अर्धवट दिसत होतं, ते नातीनं मागून सांगितलं. मग ती म्हणाली, "याला करपलेला पापुद्रा लागायचा," अगदी आजीच्या ठेक्यात, आणि जुन्या माणसांपैकी दोघं-तिघं हसले. पुढची नावं मी सावकाश वाचली. कारल्याची भाजी मला आठवत होती, झोपेत शिव्या देणाराही आठवत होता. जे आठवत नव्हतं ते नात सांगत होती. शेवटच्या पानावर माझी पेन्सिलीतली बेरीज आली तेव्हा तिनं विचारलं, हे काय आहे? मी म्हटलं, काही नाही, लहानपणी गिरवलं होतं.

वही मी आणली नाही. मुलगी म्हणत होती, घेऊन जा. पण ती तिथेच बरी. नातीकडे. या लक्ष्मीपूजनाला मी लालबागला जाणार आहे, सुट्टी आत्ताच टाकून ठेवली आहे. रिलीज असलं तर दुसरं कुणीतरी बघेल.

सोळाव्या अध्यायावरच्या त्या चिंतनातला तो परिच्छेद काल रात्री काढून टाकला. ज्यांनी तो पुढे कुणाला पाठवला असेल त्यांनी, जमलं तर, हेही पाठवा. आणि त्या खाली ज्या कुणी 'देव बघून घेतो' म्हणून लिहिलं होतं, त्यांच्याकडे बोट नाही. हात मीच जोडले होते.

उद्या पंधरावा श्लोक. ज्याच्यामुळे लोक त्रासत नाहीत आणि लोकांमुळे जो त्रासत नाही, तो. वरच्या मजल्यावरचे बुवा तेराव्याला आले होते, आता पंचाण्णवच्या घरात आहेत. जिना उतरताना त्यांना मी हात दिला, तर म्हणाले, तुझ्या आक्काच्या बोंबलाचा वास अजून येतो बघ या जिन्यात. त्यांच्याविषयी उद्या.

॥ राम कृष्ण हरी ॥